स्थानिक मुलीच्या मदतीने

नंदुरबार जिल्ह्याच्या तळोदा तालुक्यात, नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने उठवलेल्या माणसांच्या एका पुनर्वसन वसाहतीत एक घर आहे. भिंती नव्या, पत्रे नवे, पण दाराची चौकट जुनी. डोंगरातलं घर मोडलं तेव्हा ती सागाची चौकट ट्रकमध्ये घालून खाली आणली होती. त्या चौकटीवर डाव्या बाजूला बॉलपेनने लिहिलेले पाच मोबाइल नंबर आहेत, एकाखाली एक. वरचे दोन धुराने आणि हातांनी पुसट झालेत. पाचही नंबर आमच्या विद्यार्थ्यांचे. दरवर्षी एक जण त्या घरी जायचा आणि शेवटच्या दिवशी निघताना म्हणायचा, काही लागलं तर फोन करा.

घरातल्या म्हातारीला सगळे याहा म्हणतात. वसावे भिल्लांच्या बोलीत याहा म्हणजे आई. सातपुड्यातल्या आदिवासींची देवी याहा मोगी, तिच्यातली याहा तीच. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या ओट्यावर बसून ते पाच नंबर एकेक करून लावले. तीन बंद होते. एक उचलला नाही. उरलेला एक लागला तो पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलीचा. तिला याहा आठवत होती. तिने दिलेली अंबाडीची भाजी आठवत होती, तिच्या पायाचं दुखणंही आठवत होतं. तिच्या कागदांचं पुढे काय झालं, ते मात्र तिला सांगता येईना.

त्या मुलांना बोल लावायला मी हे लिहीत नाही. त्यांना तिथे पाठवणारी मी. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात, आणि मी गेली कित्येक वर्षं त्यांची पर्यवेक्षक आहे. कुणाला दवाखान्यात पाठवायचं, कुणाला बालगृहात, कुणाला पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्थेत, हे मी ठरवते. त्यांच्या अहवालांखाली सही माझी असते. म्हणून उखडून आणलेल्या माणसांच्या मदतीला दर वर्षी नवी, बिनपगारी, शिकाऊ पोरं पाठवायची ही जी पद्धत आपण रुळवून टाकली आहे, तिच्याबद्दल बोलायची जबाबदारीही माझीच.

आधी याहाची गोष्ट पूर्ण सांगते. तिच्या नवऱ्याच्या नावावर इथे पुनर्वसनाची जमीन मिळाली. पुढे तो जुन्या गावी, नर्मदाकाठी उरलेल्या भाऊबंदांकडे गेला आणि तिथेच वारला. मृत्यूची नोंद कुठेच झाली नाही. इथली ग्रामपंचायत म्हणे, तो इथे मेला नाही. तिथे नोंद करायला कुणी गेलंच नाही. सातबारावर नाव मेलेल्या माणसाचं, त्यामुळे सोसायटीचं पीककर्ज नाही, नुकसानभरपाई आली तर ती हातात पडत नाही. एवढीच अडचण. कायद्यात तिला वाट आहे. वर्षापेक्षा जुन्या मृत्यूची नोंद करायची तर आधी ग्रामपंचायतीकडून नोंद नसल्याचा दाखला घ्यायचा, त्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवायचा, मग मृत्यूचा दाखला, मग तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज, मग फेरफाराची पंधरा दिवसांची नोटीस, मग नोंद प्रमाणित. पायऱ्या पाच-सहाच आहेत. पण एकही पायरी एका दिवसात चढता येत नाही, आणि ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला पहिली पायरी कोणती हेही कळत नाही.

पहिल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. मृत्यूचा दाखला नाही म्हणून तो परत आला, आणि तेवढ्यात वर्ष संपलं. दुसऱ्या वर्षी अमळनेरकडचा एक मुलगा होता, घरात अहिराणी बोलणारा, मनाने मोकळा. याहाला तो सांगायचा, "काळजी करू नको याहा, तुमनं काम हुई जाई." तो खरोखर डोंगर चढून जुन्या गावाच्या ग्रामपंचायतीत गेला, दोन खेपा घातल्या आणि नोंद नसल्याचा दाखला घेऊन आला. सगळ्यात अवघड पायरी त्याने पार केली होती. मग त्याने तो मूळ दाखला आपल्या क्षेत्रकार्याच्या अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडला आणि अहवाल आमच्याकडे जमा केला. मी त्याला चांगले गुण दिले आणि फाइल कपाटात ठेवली.

तिसऱ्या वर्षीच्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तोच अर्ज तलाठ्याकडे दिला, तो त्याच कारणाने परत आला. चौथ्या वर्षीच्या मुलीने याहाच्या दुःखावर फार सुंदर व्यक्ती अभ्यास लिहिला. मी तो वर्गात वाचून दाखवायला लावला होता. डोंगरात मे महिन्यात उतारावर वाळत घातलेल्या आंब्याच्या फोडी, त्या आमचुराचा वास, धडगावच्या बाजाराचा दिवस, आणि आता तेच आमचूर दुकानातून पुडीत विकत आणायची वेळ. वर्गातली मुलं रडली. सातबारावर नाव तेच राहिलं.

पाचव्या वर्षी आलेला मुलगा अबोल होता. त्याने पहिल्या दिवशी कुणालाच काही सांगितलं नाही, फक्त विचारलं, आतापर्यंत काय काय झालं? याहाला ते सांगता येईना. पण शेजारच्या घरातली मुलगी, जी पाचही वर्षं दुभाषी म्हणून मध्ये बसायची, तिने सगळं क्रमाने सांगितलं. कुठला अर्ज कोणत्या महिन्यात दिला, कोणत्या टेबलावर दिला, काय कारण सांगून परत आला. आणि शेवटी म्हणाली, नदीकडच्या ग्रामपंचायतीचा गोल शिक्क्याचा कागद आला होता, तो सर घेऊन गेले.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. मी कपाट उघडलं. दाखला तिथेच होता, पिनेला गंज चढला होता.

पुढच्या चार महिन्यांत काम झालं. पण ते कपाट बंद करून मी घरी गेले तेव्हा मला झोप लागली नाही, आणि कारण फक्त त्या कागदाचं नव्हतं. मी पाचही वर्षांचे अहवाल काढून वाचायला बसले. जवळपास प्रत्येक भेटीच्या नोंदीत एक वाक्य येतं, 'स्थानिक मुलीच्या मदतीने भेट घेतली.' 'स्थानिक मुलीच्या मदतीने कुटुंबाची माहिती संकलित केली.' पाच विद्यार्थ्यांनी लिहिलेलं एकच वाक्य, आणि प्रत्येकाखाली माझी सही. त्या मुलीचं नाव एकाही पानावर नाही.

ती आश्रमशाळेतून बारावी झालेली आहे. वसावी तिची घरची बोली, शेजारच्या वस्तीमुळे पावरी येते, बाजारामुळे अहिराणी, शाळेमुळे मराठी, मजुरीला गेल्यामुळे गुजराती. पाच भाषा. त्या वसाहतीत कुणाची वारस नोंद अडली आहे, कुणाची शिधापत्रिका विभक्त व्हायची राहिली, कोणत्या पोराचं जात पडताळणीचं प्रकरण जुन्या गावाच्या पुराव्यापायी अडकलं, हे तिला तोंडपाठ आहे. आमच्या पाच विद्यार्थ्यांना क्रेडिट मिळाले, पदवी मिळाली, आणि सहाव्या माणसाला, जिच्यामुळे ते तिथे दोन शब्द बोलू शकले, चहाही बहुधा तिच्याच घरचा प्यायला मिळाला.

माझं म्हणणं असं आहे: विस्थापितांच्या पुनर्वसनात शिकाऊ मनुष्यबळ वापरायचं असेल, तर पहिली जागा त्या वसाहतीतल्या मुलामुलींची असली पाहिजे, आणि ती पगारी असली पाहिजे. बाहेरून येणारे आमचे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली शिकतील. आज हे बरोबर उलटं चाललंय.

आता थोडं मागे जाऊन बघू. खानदेशात निर्वासित हा शब्द उच्चारला की जुन्या माणसांना सिंधी आठवतात. धुळ्याचं कुमारनगर, जळगावची सिंधी कॉलनी, १९४७ नंतर सिंध सोडून आलेल्या माणसांनी वसवलेल्या या वस्त्या आज शहराच्या अंगात मुरल्या आहेत. नर्मदेच्या लोकांना कुणी निर्वासित म्हणत नाही. ते सरकारी भाषेत प्रकल्पबाधित. फरक कायद्याचा आहे, कारण निर्वासित तो, जो देशाची सीमा ओलांडून येतो, आणि भारताने १९५१ चा निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेला नाही, त्यांच्यासाठी वेगळा कायदाही केलेला नाही. प्रकल्पबाधितांसाठी मात्र महाराष्ट्राने १९७६ मध्येच पुनर्वसनाचा कायदा केला होता. म्हणजे कागदावर आपल्या डोंगरातल्या माणसाची बाजू निर्वासितापेक्षा भक्कम आहे. नर्मदा पाणी तंटा लवादाने १९७९ च्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन, किमान दोन हेक्टर, आणि सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब, अशी तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० च्या निकालात धरणाचं काम पुढे न्यायला परवानगी देताना पुनर्वसनाच्या अटी कायम ठेवल्या. महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, अक्राणी तालुक्यातली २४ आणि अक्कलकुव्यातली ९. पहिलं मणिबेली. धरणाचे दरवाजे २०१७ च्या जूनमध्ये बंद झाले आणि २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत काठोकाठ भरला.

पाणी ठरल्या उंचीला पोचलं. कागद अजून पोचतायत. मध्येच १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला, त्यामुळे पुष्कळ कुटुंबांच्या जुन्या कागदांवर जिल्हा धुळे आहे आणि नव्यांवर नंदुरबार. अनुसूचित जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचं गाव वनगाव होतं, जिथे शाळा नव्हती, जिथली जमीन मोजलेली नव्हती, आणि जे गाव आता जलाशयाखाली आहे, त्याच्या नातवाने तो पुरावा कुठून आणायचा? दिलेली जमीन भोगवटादार वर्ग दोनची, तिच्यात काही करायचं तर परवानगी लागते. या प्रश्नांना वर्षं लागतात. आणि आम्ही त्यांच्यावर काय पाठवतो? नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑन जॉब ट्रेनिंग आलं, चार क्रेडिटचं, म्हणजे साधारण १२० तासांचं. त्यातले निम्मे तास एसटीत आणि भाषा न कळण्यात जातात.

निर्वासितांच्या कामात विद्यार्थ्यांनी उतरणं ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मुंबईत १९३६ साली सुरू झालेल्या टाटांच्या समाजकार्य शाळेचे शिक्षक आणि विद्यार्थी फाळणीच्या वेळी कुरुक्षेत्राच्या छावणीत कामाला गेले होते. ते जायलाच हवे होते. पण त्याच काळातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी दिल्लीजवळ फरिदाबाद वसवायचं ठरलं तेव्हा ते शहर बांधणारे हात त्या निर्वासितांचेच होते, आणि त्या हातांना मजुरी मिळत होती. छावणीत बसून शिधा घेणारा माणूस आपल्याच घराच्या भिंतीवर कामाला लागला. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही. पण आलेल्या माणसाला कामात धरायचं, ही समज त्या वेळी होती.

परदेशातही पुनर्वसन संस्थांमध्ये शिकाऊ मुलांचा मोठा आधार असतो. अमेरिकेत १९८० च्या कायद्यानंतर निर्वासितांना वसवायचं काम सरकारी पैशावर स्वयंसेवी संस्था करत आल्या. कुटुंब विमानतळावर उतरलं की पहिल्या ९० दिवसांच्या आत घर, मुलांची शाळा, दवाखाना, ओळखपत्र, नोकरीची नोंदणी हे सगळं उरकायचं. बसमध्ये शेजारी बसून कुठे उतरायचं ते दाखवणारी, शाळेचा फॉर्म भरून देणारी अनेकदा कॉलेजातली मुलं असायची. पण त्यांच्यावर जे पगारी कार्यकर्ते असायचे, त्यांतले कितीतरी स्वतः कधीकाळी निर्वासित म्हणून आलेले. त्यांना ती भाषा येते, ती भीती माहीत असते. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या नव्या सरकारने निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रमच थांबवला, संस्थांचा पैसा आटला, माणसं कमी झाली. परक्याच्या अनुदानावर उभं असलेलं काम किती झटकन कोसळतं, ते तिथे दिसलं. आपल्याकडे तर उलट सोय आहे. ही माणसं आपल्या राज्याची नागरिक आहेत, त्यांच्या हक्काचा निवाडा हातात आहे, त्यांना वसवण्याची जबाबदारी शासनावर लिहून दिलेली आहे.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून हिशोब मांडते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्याला महिन्याला ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत आधी सहा महिन्यांची होती, पुढे ती अकरा महिने केली. हजारो मुलं त्या योजनेतून शासकीय कार्यालयांत बसली. नंदुरबारमध्ये डझनभर पुनर्वसन वसाहती धरल्या आणि प्रत्येक वसाहतीतून बारावी झालेली एक मुलगी किंवा मुलगा घेतला, तर महिन्याला ७२,००० रुपये होतात. जिल्ह्याच्या कारभारात ही रक्कम कुणाच्या डोळ्यांत येणार नाही. त्या बदल्यात पुनर्वसन विभागाला प्रत्येक वसाहतीत एक माणूस मिळतो ज्याला बोली येते, घरं माहीत आहेत, आणि जो कागद कुठल्या टेबलावर थांबला ते सांगू शकतो. हे याच योजनेतून करा असा माझा हट्ट नाही. पण शिकाऊ माणसाला पैसे देता येतात, हे शासनाने स्वतःच मान्य केलंय. मग सगळ्यात कठीण कामाच्या शिकाऊंना का नाही?

आमच्या विद्यार्थ्यांनाही पैसे मिळत नाहीत, हे मी विसरलेले नाही. शिरपूर, साक्री, पारोळ्याहून येणारी पोरं शेतमजुरांची, छोट्या शेतकऱ्यांची. आठवड्यातून दोन दिवस एसटीचं भाडं आणि बाहेरचं जेवण त्यांना जड जातं. एक मुलगी दर गुरुवारी उपास आहे म्हणायची. तिचा उपास कशामुळे असायचा ते मला शेवटच्या महिन्यात कळलं. उपाशी पोटी दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याचं दुःख ऐकायचं, याला शिक्षण म्हणायला मी तयार नाही. किमान प्रवासभाडं तरी महाविद्यालयाने किंवा संस्थेने दिलंच पाहिजे.

मी जेव्हा जेव्हा वसाहतीतल्या मुलांची गोष्ट काढते, तेव्हा एक आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. गावातलंच पोरगं घेतलं की भाऊबंदकी येणार. कुणाचा कागद पुढे सरकवायचा, कुणाचा मागे ठेवायचा, हे त्याच्या हातात जाणार. सरपंचाचा पुतण्याच नेमला जाणार. मी हे होताना पाहिलेलं आहे. एका वसाहतीत एका तरुणाने अर्ज भरून द्यायचे पैसे घ्यायला सुरुवात केली होती, तेही आपल्याच नात्यातल्या म्हाताऱ्यांकडून. आणखी एक गोष्ट आहे. या वसाहती एकजिनसी नाहीत. तळोद्याजवळची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन पुनर्वसनासाठी मोकळी केली गेली, तेव्हा त्या जमिनीवर आधीपासून कसणारे आदिवासीही होते. म्हणजे एका आदिवासीला वसवताना दुसऱ्याच्या पोटावर पाय आला. त्या जुन्या जखमा अजून पुरत्या भरलेल्या नाहीत. अशा ठिकाणी आतल्या माणसाच्या हातात कागद देणं धोक्याचं असू शकतं.

पण त्याला उत्तर म्हणून बाहेरचा, भाषा न येणारा, वर्षभरात निघून जाणारा विद्यार्थी आणून बसवला तर काय होतं? तोही आतल्या माणसाच्या मदतीनेच काम करतो. फरक एवढाच, की त्या आतल्या माणसाचं नाव कुठे लिहिलं जात नाही, त्यामुळे त्याला कुणी जाब विचारू शकत नाही. नाव लिहा, मानधन द्या, म्हणजे जबाबदारीही टाकता येईल. निवड ग्रामसभेत करा, मुलीला प्राधान्य द्या, दर तीन महिन्यांनी सगळ्या अर्जांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. आमचे विद्यार्थी तिथे उपयोगी पडतात. त्यांनी हिशोब तपासावा, नियम शोधून द्यावेत, अर्ज नीट मराठीत लिहून द्यावा, तहसील कार्यालयात सोबत उभं राहावं. साहेबासमोर उभं राहायला दोन माणसं असली की आवाज चढवून बोलायची समोरच्याची हिंमत कमी होते, हे मी स्वतः अनुभवलंय.

कुणी म्हणेल, विद्यार्थी राहिले तर प्रश्नच मिटतो. राहिल्याचं उदाहरणही आपल्याच खोऱ्यात आहे. १९८५ च्या सुमारास टाटा समाजविज्ञान संस्थेतली एक संशोधक नर्मदेच्या खोऱ्यात आली, तिने प्रबंध सोडला आणि ती तिथेच राहिली. मेधा पाटकरांच्या भूमिकेशी कुणी सहमत असेल, कुणी नसेल, पण मी वर्गात त्यांचं उदाहरण नेहमी देत आले. आता देताना थांबते. कारण त्यातून मुलांच्या मनात असं बसतं की एक तर आयुष्य वाहून द्या, नाही तर नंबर लिहून निघून जा. या दोन्हींच्या मध्ये जे रोजचं काम आहे, त्याला कुणी आदर्श ठेवत नाही. आणि त्यांच्याच नर्मदा बचाव आंदोलनातून नव्वदच्या दशकात ज्या जीवनशाळा, म्हणजे खोऱ्यातल्या आदिवासी मुलांच्या शाळा, उभ्या राहिल्या, त्यांत शिकवायला खोऱ्यातलीच तरुण मुलं आली, हा भाग आपण सांगायचा विसरतो. बाहेरून आलेल्या माणसाने केलेलं सगळ्यात टिकाऊ काम ते होतं, आतली माणसं पुढे करण्याचं.

राहिली वहीची गोष्ट. याहाच्या प्रकरणानंतर मी आमच्या सगळ्या विद्यार्थ्यांना एक नियम घातला. मूळ कागद महाविद्यालयात आणायचा नाही. अहवालाला झेरॉक्स जोडायची, तीही घरच्यांना विचारून. आणि वसाहतीत एक जाड वही ठेवायची, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. प्रत्येक कुटुंबाला दोन पानं. कोणत्या तारखेला कोणता अर्ज कुठे दिला, पोच मिळाली का, पुढची तारीख काय. वही वसाहतीतच राहील, त्या मुलीच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. विद्यार्थी बदलले तरी वही बदलायची नाही. ऐकायला हे फारच किरकोळ वाटतं. पण वारस नोंदीला लागलेल्या पाच वर्षांतली किमान तीन वर्षं फक्त ही वही नसल्यामुळे गेली.

वचनांबद्दलही आम्ही एक ठरवलंय. विद्यार्थ्याने 'काम होईल' असं म्हणायचं नाही. 'मी परत येसू' असंही म्हणायचं नाही, जोपर्यंत यायचा दिवस ठरलेला नाही. 'पुढच्या गुरुवारी येईन आणि त्याआधी तलाठ्याला भेटलेलो असेन', एवढंच बोलायचं. माझ्या एका सहकाऱ्याला हे कोरडं वाटतं. त्या म्हणतात, माणसाला धीर द्यायला नको का? द्यायला हवा. पण ज्याला सरकारने, कंत्राटदाराने, पुढाऱ्याने, सर्वेक्षण करणाऱ्याने सगळ्यांनी धीरच दिला आणि तरीही ज्याचं घर पाण्यात गेलं, त्याला आणखी एका कोवळ्या, भाबड्या आवाजातला धीर देणं मला आता योग्य वाटत नाही. याहा त्या अमळनेरच्या मुलाची वाट वर्षभर बघत होती. ती त्याच्यावर रागावलेली नव्हती. तिला वाटत होतं तो आजारी पडला असेल.

या ऑगस्टपासून आमची नवी तुकडी क्षेत्रकार्याला जाईल. पहिल्या दिवशी मी सोबत जाणार आहे, आणि विद्यार्थ्यांची ओळख करून देण्याआधी त्या मुलीची ओळख करून देणार आहे, क्षेत्र मार्गदर्शक म्हणून. अहवालाच्या नमुन्यात तिच्या नावाचा आणि सहीचा रकाना आम्ही छापून घेतलाय. विभागातल्या आम्ही काही शिक्षकांनी मिळून ऑगस्ट ते ऑक्टोबर असे तीन महिने तिला मानधन द्यायचं ठरवलंय. त्यापुढचं आमच्या हातात नाही. दिवाळीनंतर तिचं कुटुंब ऊसतोडीला जातं आणि तीही जाते, कारण एका कोयत्याची उचल, म्हणजे तोडीच्या मजुरीची आगाऊ रक्कम, घरात आधीच आलेली असते. ती गेली की वसाहतीतली वही बंद पेटीत राहील आणि आमची मुलं पुन्हा दारोदार खुणांनी बोलत फिरतील. तिला नोव्हेंबरपासून पुढे तिथे थांबवायचं असेल तर महिन्याला ६,००० रुपये लागतील. मी जिल्हा पुनर्वसन कार्यालयाला तसं लेखी विचारलंय, आमच्या महाविद्यालयाला विचारलंय, दोन संस्थांना विचारलंय. उचल सप्टेंबरमध्ये वाटली जाते, तेव्हा उत्तर त्याआधी यायला हवं.